सोसायटीच्या सेक्रेटरीला नगरसेविका व्हायचं असेल तर

रावेतच्या एका मोठ्या गृहसंकुलात राहणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: मी आयटी कंपनीत नोकरी करते, सोसायटीची सेक्रेटरी आहे. पाण्याचे टँकर, अर्धवट रस्ते, कचरा यासाठी महापालिकेच्या चकरा मारून थकले. पिंपरी-चिंचवडच्या पुढच्या निवडणुकीत अपक्ष म्हणून उभी राहू का? आमच्या भागात आता सोसायट्याच सोसायट्या आहेत, मग आमच्यातलाच माणूस निवडून यायला हरकत काय? आणि तयारी कुठून सुरू करू?

ताई, मी या शहरात अनेक निवडणुकांत उमेदवारांचा निवडणूक प्रतिनिधी म्हणून काम केलं आहे. अर्ज भरण्यापासून मतमोजणीच्या टेबलापर्यंत सगळं जवळून पाहिलं आहे. माझं उत्तर असं: जरूर उभ्या राहा, पण एकट्या अपक्ष म्हणून नको. आणि तयारी फेसबुक पेजपासून नको, मतदार यादीपासून करा. सोसायटीतले बहुतेक उमेदवार पडतात ते प्रचारात कमी पडल्यामुळे नाही. ज्यांच्या भरवशावर ते उभे राहतात, त्या माणसांची नावंच यादीत नसतात.

आधी हे यादीचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. महापालिकेची स्वतःची मतदार यादी नसते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी विधानसभेची जी यादी असेल ती घेतो आणि तीच प्रभागांप्रमाणे फोडली जाते. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी ही तारीख होती १ जुलै २०२५. म्हणजे मतदानाच्या साडेसहा महिने आधी ज्याचं नाव नव्हतं, त्याला मत नव्हतं. प्रारूप याद्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप तेव्हा जागे झाले आणि लोक क्षेत्रीय कार्यालयात रांगा लावून विचारू लागले, ‘आमचं नाव घाला.’ त्या टप्प्यावर महापालिकेला नवं नाव घालता येत नाही. चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव परत आणणं, लेखनिकाची चूक सुधारणं, विधानसभेच्या यादीत असून सुटलेलं नाव घेणं, एवढंच तिच्या हातात असतं.

आता तुमच्या संकुलात सहाशे फ्लॅट आहेत असं धरू. मनात लगेच बाराशे मतांचा हिशोब होतो. प्रत्यक्षात काय असतं? काही फ्लॅट रिकामे. काहींत भाडेकरू, जे अकरा महिन्यांच्या करारावर आहेत आणि ज्यांची नावं लातूरला, जळगावला किंवा थेट इंदूरला आहेत. मालकांपैकी अनेकांचं नाव अजून कसबा पेठेत किंवा कोथरूडच्या आईवडिलांच्या पत्त्यावर. गावची ग्रामपंचायत महत्त्वाची म्हणून काही जण मुद्दाम नाव हलवत नाहीत. त्यात नवराबायकोपैकी एकाचंच नाव नोंदलेलं. एवढी गाळणी लागल्यावर बाराशेतले किती उरतात हे मी सांगण्यापेक्षा तुम्हीच मोजा. विधानसभेची यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागवार मिळते. तुमच्या इमारती कोणत्या भाग क्रमांकात आहेत ते शोधा आणि यादी सोसायटीच्या सभासद यादीशेजारी ठेवून एकेक नाव जुळवा. ज्यांचं नाव कुठेच नाही त्यांच्यासाठी फॉर्म ६. ज्यांचं दुसरीकडे आहे त्यांच्यासाठी फॉर्म ८, म्हणजे नाव स्थलांतरित होतं आणि दुबार राहत नाही. २०२६ च्या निवडणुकीत दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते आणि अशा मतदारांकडून कोणत्या एकाच ठिकाणी मत देणार हे लिहून घेतलं गेलं, म्हणून हे काम साफ करा. तुमच्या भागाच्या बीएलओंशी, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांशी, ओळख ठेवा. बहुतेक वेळा त्या अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका असतात, स्वतःचं काम सांभाळून हे करतात. त्यांना सोसायटीच्या गेटवर तासभर ताटकळत ठेवणारे रखवालदार मी पाहिले आहेत. रविवारी क्लबहाउसमध्ये टेबल टाकून त्यांना बसवा, चहा द्या, कागद आधी तयार ठेवा. एका दुपारी शंभर अर्ज होतात.

हे काम एकदा करून भागत नाही. तुमच्या भागात दर वर्षी नवे ताबे मिळतात, भाडेकरू बदलतात. प्रत्येक नव्या सभासदाच्या शेअर सर्टिफिकेटच्या कागदांबरोबर फॉर्म ८ दिला तर पाच वर्षांत तुमच्या संकुलाचं चित्र पालटलेलं असेल. यात कुठल्या पक्षाचं नाव घ्यायची गरज नाही, त्यामुळे सोसायटीत भांडणही होत नाही.

दुसरी गोष्ट प्रभागाची. जानेवारी २०२६ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या १२८ जागा ३२ प्रभागांत होत्या, प्रत्येकी चार. ही रचना २०११ च्या जनगणनेवर बेतलेली होती. त्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती, त्याआधी २००१ मध्ये १० लाख १२ हजार. २०२६ च्या निवडणुकीला नुसते मतदारच १७ लाखांच्या आसपास होते. म्हणजे पंधरा वर्षांत रावेत, पुनावळे, वाकड, मोशी, चऱ्होलीत जी वस्ती उभी राहिली, तिला जागावाटपात वजनच मिळालं नाही. नव्या जनगणनेची गणना २०२७ मध्ये आहे. कायदा आज आहे तसा राहिला तर बारा ते चोवीस लाख लोकसंख्येला ११५ जागा आणि वरच्या प्रत्येक चाळीस हजारांना एक जागा, असं गणित आहे. १२८ हा आकडा तिथूनच आला. लोकसंख्या चोवीस लाखांवर गेली की गणना १५१ पासून सुरू होते. या वाढीव जागा गावभागात किंवा प्राधिकरणात निघणार नाहीत, तुमच्याकडेच निघतील. म्हणून जनगणनेचे प्रगणक येतील तेव्हा प्रत्येक दार उघडलं जाईल हे पाहणं हे तुमच्या तयारीचंच काम समजा. ‘आम्ही कशाला माहिती देऊ’ म्हणणारी सोसायटी स्वतःची जागा घालवते.

पण यातून हेही लक्षात घ्या की तुमचा पुढचा प्रभाग कसा असेल ते आज कोणालाच माहीत नाही. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ आणि २०२६ ला चौघांचा. दर वेळी सत्तेवरच्या मंडळींनी सोयीनं बदलला. त्यात महिलांना पन्नास टक्के जागा, त्याशिवाय अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गाचं आरक्षण, आणि कोणती जागा कोणाला ते सोडतीत ठरणार. स्त्री म्हणून चारच्या प्रभागात तुम्हाला जागा मिळण्याची शक्यता चांगली आहे. राखीव प्रवर्गातल्या असाल तर जातवैधतेचं प्रकरण आजच हाती घ्या. निवडणूक लागल्यावर त्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. आणि आपल्याच रस्त्यापुरतं काम करू नका. आजूबाजूच्या दोन-तीन वस्त्यांत तुमचं नाव पोचलं असेल तर सीमा कशाही फिरल्या तरी निभावतं.

आता जे सांगतो ते सोसायटीतल्या लोकांना पचत नाही, पण सर्वांत महत्त्वाचं आहे. तुमच्या भागात सोसायट्याच सोसायट्या नाहीत. रावेत हे गाव आहे. १९९७ साली वाकड, पुनावळे, मोशी यांच्याबरोबर ते महापालिकेत आलं. गावठाण आहे, भावकी आहे, मंदिराचा सप्ताह आहे, आणि रस्त्यापलीकडे अर्ध्या-एक गुंठ्यावर बांधलेली घरं आहेत, ज्यांत मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली कामगार कुटुंबं वीस-वीस वर्षं राहतात. ही मंडळी यादीत असतात आणि सकाळीच मतदानाला जातात. तुमच्या सोसायटीचे लोक जोडून सुट्टी मिळाली की बाहेरगावी असतात. मी बूथवर बसून दोन्ही पाहिलं आहे.

गावाचे प्रश्न तुम्हाला माहीत आहेत का? शास्तीकर हा शब्द तुमच्या सोसायटीत किती जणांनी ऐकला असेल? अनधिकृत बांधकामावर मालमत्ताकराच्या दुप्पट दंड लागायचा. गुंठेवारीतल्या, म्हणजे गुंठा-अर्धा गुंठा जमीन घेऊन परवानगीशिवाय घर बांधलेल्या, माणसाच्या डोक्यावर लाखोंची थकबाकी चढली होती. तो माफ व्हावा म्हणून या शहरात मोर्चे निघाले, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या आणि अखेर २०२३ मध्ये सरकारनं माफी दिली. ज्या माणसानं घर पडेल या भीतीत दहा-पंधरा वर्षं काढली, त्याच्या दारात जाऊन तुम्ही ‘अनधिकृत बांधकामांमुळे शहर बकाल झालं’ असं म्हणालात, तर संपलं. तसंच शेतकऱ्याचं. विकास आराखड्यात त्याच्या जमिनीवर शाळेचं, उद्यानाचं, रस्त्याचं आरक्षण पडलेलं असतं. मोबदला अडकलेला असतो. तुम्हाला जो रस्ता अर्धवट दिसतो, त्याच्या तुटलेल्या टोकाला बहुधा अशीच एक जमीन असते. तो रस्ता पुरा व्हावा असं वाटत असेल तर त्या कुटुंबाच्या ओसरीवर बसून त्यांचं म्हणणं ऐका. मतासाठी नंतर, आधी रस्त्यासाठी. सप्ताहाला जा, दशक्रियेला जा, हळदी-कुंकवाला जा आणि त्यांनाही तुमच्या गणपतीला बोलवा. निवडणुकीच्या वर्षी पहिल्यांदा दिसणारा चेहरा गाव लगेच ओळखतं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तुम्ही त्यावरच लढणार. शहराला पवनेचं पाणी मिळतं. ते धरणातून नदीत सोडतात आणि तुमच्याच रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात, तिथून निगडीला शुद्धीकरणाला जातं. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी आहे. नदीऐवजी बंद जलवाहिनीतून थेट आणायची योजना झाली, तिला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले. प्रकल्प पुढे बरीच वर्षं स्थगितीत होता. आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून मिळून २६७ दशलक्ष लिटरचा कोटा मंजूर आहे, त्यातल्या आंद्राचं पाणी आधी आलं. हे सगळं माहीत नसताना ‘मला निवडून द्या, रोज पाणी देते’ असं म्हणणं म्हणजे लोकांची फसवणूक आहे. नगरसेविका एकटी पाणी आणू शकत नाही. ती काय करू शकते? नव्या बांधकामांना परवानगी देताना ‘पालिका पाणी देईपर्यंत बिल्डर स्वखर्चानं देईल’ असं हमीपत्र घेतलेलं असतं. ते बाहेर काढून त्याची अंमलबजावणी मागू शकते. सभागृहात लेखी प्रश्न टाकू शकते. स्थायी समितीच्या सोळा जणांत आली तर जलवाहिन्यांच्या निविदांवर बोलू शकते. प्रशासन चालवतो आयुक्त, धोरण आणि पैसा ठरवतं सभागृह, हा फरक पक्का करा.

आणि कोणतं गाऱ्हाणं कोणाचं तेही. मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा सेवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, वीज महावितरणकडे, सोसायटीचं कन्व्हेयन्स आणि बिल्डर सोसायटी हातात देत नाही ही तक्रार सहकार उपनिबंधकाकडे, हिंजवडी तर महापालिकेच्या हद्दीतच नाही. जाहीरनाम्यात हे सगळं एकत्र घोटून लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. तुम्ही चारच कामं लिहा, पण ती महापालिकेच्या हातातली असू द्या आणि त्यांना अर्थसंकल्पात कोणत्या लेखाशीर्षाखाली पैसा मिळेल ते सांगा.

अपक्ष का नको? चारच्या प्रभागात मतदाराला चार मतं द्यायची असतात, अ, ब, क, ड अशी. नको असेल तिथे नोटा. मतदार यंत्रासमोर उभा राहिला की ओळखीचं चिन्ह शोधतो आणि चारही बटणं त्याच चिन्हाची दाबतो. क्रॉस व्होटिंग होतं, पण ते एखाद्या फार परिचित चेहऱ्यापुरतं. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह आधीपासून माहीत असतं. अपक्षाला ते माघारीनंतर मिळतं. जानेवारीत चिन्हवाटप ३ तारखेला झालं, मतदान १५ ला. एवढ्या दिवसांत पन्नास हजारांच्या प्रभागात नवं चिन्ह घरोघर पोचवायचं म्हणजे बूथगणिक माणसं हवीत. म्हणून दोनच वाटा मला खऱ्या वाटतात. एक, चौघांचं पॅनेल बांधा: सोसायटीतून तुम्ही, गावठाणातून एक, गुंठेवारीतल्या वस्तीतून एक आणि चौथा असा की ज्याचा सर्वांशी राबता आहे. आज बांधायला घेतलंत तर होईल, निवडणूक लागल्यावर नाही. दुसरी वाट पक्षाची. पक्षात गेलात तर उमेदवारी मिळेलच असं नाही. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी दुसऱ्याच्या हातात गेलेला मी पाहिला आहे. तरी पक्षात काही वर्षं काम केल्यानं सभागृहाच्या कामकाजाची आणि कार्यकर्त्यांच्या दुनियेची ओळख होते. कोणता पक्ष हे मी सांगणार नाही. ज्याच्या स्थानिक माणसाला तुम्ही तोंडावर नाही म्हणू शकता, तो निवडा.

कागदपत्रांचं थोडक्यात. वय एकवीस पूर्ण, नाव शहराच्या यादीत. सूचक-अनुमोदक मात्र त्याच प्रभागातले. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नसावं. शौचालय वापराचा दाखला, पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र. पालिकेच्या कुठल्या ठेक्यात तुमचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल तर अडचण येते, स्वतःचं किंवा जोडीदाराचं अनधिकृत बांधकाम असेल तरीही, आणि यात टेरेस बंदिस्त केलेली मंडळीही सापडू शकतात. अनामत सर्वसाधारण उमेदवाराला पाच हजार, राखीव प्रवर्गाला निम्मी. निवडणूक खर्चाचं स्वतंत्र बँक खातं उघडा आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्या; पडलेले उमेदवार हे विसरतात आणि अपात्र ठरतात.

खर्चाची मर्यादा २०२६ ला तेरा लाख होती. तेवढ्यात निवडणूक होते, जर कामं आधी झालेली असतील तर. पण पैशाचा खरा प्रश्न तुमच्याच इमारतीत आहे आणि तो मी स्पष्ट लिहितो. पाकीट फक्त झोपडपट्टीत वाटतात हा समज खोटा आहे. निवडणूक जवळ आली की सोसायट्यांचे पदाधिकारी उमेदवाराला बोलावतात आणि यादी पुढे करतात: इमारतीला रंग, पेव्हर ब्लॉक, सीसीटीव्ही, मुलांच्या खेळण्याचं सामान, गेटला कमान. दीड कोटीचा फ्लॅट घेतलेली माणसं दोन लाखांच्या रंगासाठी पाच वर्षं गहाण टाकतात. उमेदवार हा पैसा घरून आणत नाही. तो ठेक्यांतून वसूल होतो आणि मग पावसाळ्यात उखडलेल्या त्याच रस्त्याचा फोटो तुम्ही ग्रुपवर टाकता. मला याचा मनापासून संताप येतो, कारण यातून बाहेर पडण्याची ऐपत असलेला मतदार हाच आहे. तुम्ही सेक्रेटरी आहात. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा की आपली सोसायटी कोणत्याही उमेदवाराकडून वस्तू किंवा काम घेणार नाही. तो मंजूर करून घेता आला तर शेजारच्या सोसायट्यांकडे घेऊन जा. मंजूर होत नसेल तर तुमची पहिली निवडणूक तीच आहे आणि ती आधी लढा.

घरच्यांशी आत्ताच बोला. नोकरी आणि नगरसेवकपद दोन्ही नीट होत नाही. गटार तुंबल्याचा फोन रात्री अकराला येतो, मानधनावर घर चालत नाही आणि कंपनीची परवानगी लेखी घ्यावी लागेल. नवऱ्यानं किंवा दिरानं कारभार पाहायचा आणि बाईनं सह्या करायच्या, हा प्रकार इथे भरपूर आहे. पहिल्या दिवसापासून फोन स्वतः उचलला तर तो शिरकाव होत नाही.

येत्या तीन-चार महिन्यांत एवढं करा. भागवार यादी उतरवून घ्या आणि तुमच्या व लगतच्या पाच सोसायट्यांची जुळवणी करा. एकदा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षक कक्षात जाऊन बसा. अर्थसंकल्पाचं पुस्तक मिळवा आणि तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या कामांखाली रेघा मारा. गावठाणातल्या ज्या कुटुंबाची जमीन तुमच्या रस्त्यात अडकली आहे, त्यांच्याकडे जाऊन या. जुळवणीचा आकडा आला की मला कळवा; प्रभागात कुठे माणसं जोडायची ते त्यावरूनच ठरवता येईल.